वाचकांचे प्रश्न : रेशीची भुकटी, रेशीचा अर्क आणि लेबलावरचे आकडे

प्रश्न : ताई, आमचा बचत गट धिंगरी अळंबी पिकवतो. आता रेशी (लाकडावर वाढणारी कडक, कडू अळंबी) लावून तिच्या कॅप्सूल करायचं चाललंय. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांचा भुगा वापरला तर चालेल का? आणि रेशी वाळवून, दळून कॅप्सूलमध्ये भरली तर लेबलावर 'अर्क' लिहिता येईल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : काड्या नकोत. आपल्याकडे बाग म्हटली की खरड छाटणीपासून बोर्डो मिश्रणाची फवारणी सुरू होते, त्यातलं मोरचूद म्हणजे तांबंच. शिवाय आंतरप्रवाही बुरशीनाशकं असतात, आणि अळंबी ही बुरशीच. एक तर ती नीट वाढणार नाही. वाढलीच, तर खाली जे असेल ते अंगात घेईल. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक साठवण्यात अळंबी पटाईत असते आणि अर्क आटवताना त्यातलं काही सोबत आटतं. सॉ मिलमधून आंब्याचा स्वच्छ भुसा आणा, त्यात गव्हाचा कोंडा मिसळा. फर्निचरवाल्याकडचा भुसा फुकट मिळाला तरी घेऊ नका, त्यात प्लायवूडचा गोंद असतो.

दळलेल्या रेशीला अर्क म्हणता येणार नाही. रेशी लाकडासारखी कडक, तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या. बीटा-ग्लुकान, म्हणजे ज्यासाठी अर्क काढतात ते तंतुमय द्रव्य, त्याच भिंतींत अडकलेलं असतं, ते सोडवायला उकळत्या पाण्यात तास-दोन तास शिजवावं लागतं. रेशीचा कडूपणा मात्र ट्रायटर्पीन गटातल्या गॅनोडेरिक आम्लांचा, ती पाण्यात फारशी उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. म्हणून चांगला अर्क दोन्ही पद्धतींनी वेगवेगळा काढतात. दोन्ही द्रव तसेच एकत्र ओतले की अल्कोहोलमुळे पाण्यातली पॉलिसॅकराइड (साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या, बीटा-ग्लुकान त्यातलंच) धाग्यांसारखी खाली बसतात, आणि तेच गाळून फेकणारे लोक मी पाहिलेत. आधी अल्कोहोल उडवून घ्यायचं, मग मिसळायचं. अल्कोहोल वापरायला राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, ते काम यंत्र घेण्याआधी उरका.

वाळलेला अर्क हवेतलं पाणी भराभर ओढतो. पावसाळ्यात उघड्या खोलीत भरणी केलीत तर कॅप्सूलमध्ये गोळा झालाच समजा. हवा कोरडी ठेवणारी खोली नसेल तर पहिली काही वर्षं नुसती वाळलेली रेशी विका, खरंच. तोही चांगला माल आहे, आणि त्यात कुणाची फसवणूक नाही.

प्रश्न : एक पुरवठादार '10:1 अर्क, पॉलिसॅकराइड 40 टक्के' सांगतो. घ्यावा का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : या दोन आकड्यांवर घेऊ नका. 10:1 म्हणजे दहा किलो मालातून एक किलो निघाला, एवढंच. तो दहा किलो माल कसला होता, ते त्यात येत नाही. पॉलिसॅकराइडचा आकडा तर सगळ्यात फसवा, कारण स्टार्चही पॉलिसॅकराइडच, आणि भरीला घातलेलं माल्टोडेक्स्ट्रिनही (स्टार्चपासून केलेली पूड) त्याच आकड्यात जाऊन बसतं. बरेच जण तांदळावर किंवा ओटवर नुसतं कवकजाल (अळंबीचं मुळांसारखं पांढरं जाळं) वाढवतात आणि धान्यासकट दळतात. त्यात अळंबी थोडी, भात जास्त.

मी मिरजेला हळदीच्या अर्काच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होते. तिथे रंग कितीही पिवळाधमक असला तरी कुर्क्युमिनचा (हळदीतल्या मुख्य घटकाचा) आकडा आल्याशिवाय पोतं हलत नसे. इथे तो मान बीटा-ग्लुकानचा. पुरवठादाराकडे त्याच बॅचचा अहवाल मागा : बीटा-ग्लुकान वेगळं, अल्फा-ग्लुकान वेगळं, जड धातू, जिवाणू-बुरशी, कीटकनाशकांचे अंश. अल्फा जास्त म्हणजे स्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन जास्त. मग नमुना स्वतः काढून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा. घरी चिमूटभर पूड पाण्यात उकळून, थंड करून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळंकाळं झालं तर धान्य आहे. झालं नाही म्हणून माल शुद्ध ठरत नाही, कारण माल्टोडेक्स्ट्रिन या परीक्षेत बहुतेक वेळा सुटतं.

एवढी खातरजमा कशाला, असं वाटेल. 2017 मध्ये अमेरिकेतल्या बाजारातली रेशीची 19 उत्पादनं तपासली, त्यातली फक्त 5 लेबलाप्रमाणे निघाली. जिथे एवढे ग्राहक पैसे मोजतात तिथली ही गत. आपल्याकडे तर आजारी माणूस उसने पैसे काढून हे घेतो.

लेबलावर 'औषधी वापरासाठी नाही' हे यायलाच हवं, आणि कुठलाही रोग बरा होतो असं लिहिता येत नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) साध्या नोंदणीवर हे उत्पादन चालत नाही, परवाना लागतो. घटक परवानगीच्या यादीत आहे का, हे आधी पाहा.

प्रश्न : आईला हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, मधुमेहही आहे. मावशीने रेशीच्या कॅप्सूल दिल्यात. जपानमध्ये अळंबीचं औषध कॅन्सरला देतात म्हणे, मग अपाय कसा होईल?
– एक वाचक, कराड

उत्तर : आईंना त्या कॅप्सूल आजच थांबवायला सांगा आणि पुड्यासकट त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. रेशीमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते, त्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. साखरही आणखी खाली येऊ शकते. रेशीच्या पुडीने यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. जपानचं म्हणता ते क्रेस्टिन : दुसऱ्याच अळंबीपासून, ट्रॅमेटिस व्हर्सिकलरपासून केलेलं, 1977 मध्ये तिथे मान्यता मिळालेलं. तेही कॅन्सरच्या मुख्य उपचारांच्या जोडीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जायचं. मावशींच्या पुड्याशी त्याचा संबंध नाही. मावशींनी मायेने दिलंय, त्यांना दुखावू नका. पण हिरड्यांतून रक्त येणं, काळे-निळे डाग, काळी शौच असं काही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता दवाखाना गाठा.