गाळा नंतर घे, आधी वही कर

नाशिक, जानेवारी २०२६

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. प्रश्न एकच, पण विचारलास तीन तऱ्हेनं. पाथर्डी फाट्याला गाळा बघितलाय, डिपॉझिट जमतंय, तर सीझनच्या आत एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान उघडू का? माझं उत्तर, नको. निदान या उन्हाळ्यात तरी नको. फोनवर सांगितलं तर तू "हो काका, हो काका" करशील आणि मनात गाळ्याला रंग देत राहशील, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही सुरू केलं तेव्हा गाळा म्हणजेच धंदा होता. लोक जाता-येता पाटी वाचायचे, फ्रिज टेम्पोत घालून आणायचे, कंप्रेसर बदलून न्यायचे. कुणाकडे कुठला एसी, किती जुना, मागच्या वर्षी काय केलं, हे सगळं माझ्या नाहीतर कारागिराच्या डोक्यात. कारागीर सोडून गेला की निम्मी गिऱ्हाइकं त्याच्यामागून जायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आता स्प्लिट एसी भिंतीवरच दुरुस्त होतो. फ्रिजचं कामही लोक घरीच करून मागतात. पाटी कोण वाचतंय? तुझा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये 'एसीवाला' म्हणून पडलेला असतो, त्याच्या खाली 'एसीवाला २' आणि 'एसीवाला नवीन'. जो पहिला उचलेल त्याचं काम. अशा वेळी महिन्याला भाडं भरून तू नक्की काय विकत घेणार आहेस? पंप, सिलिंडर आणि शिडी ठेवायला घराचा जिना पुरतो.

गाळ्याच्या डिपॉझिटपेक्षा महाग गोष्ट तुझ्याकडे अजून नाही, ती म्हणजे वही. वही म्हणजे कागदाचीच पाहिजे असं नाही, फोनमधली शीट चालेल. पण प्रत्येक यंत्राला एक ओळ हवी. कंपनी, मॉडेल, आउटडोअरच्या पाटीचा फोटो, गॅस कुठला, बसवल्याची तारीख, पाइप किती फूट, आउटडोअर कुठे टांगलंय (छज्जावर असेल तर तिथे शिडी पोचते की बेल्ट लावून उतरावं लागतं), आज काय केलं, किती अँपिअर घेत होता. गिऱ्हाइकाचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलंस तरी हरकत नाही. भाडेकरू बदलतो, फ्लॅट विकला जातो, यंत्र मात्र बहुतेक वेळा तिथेच राहतं.

हे एवढं का, ते गॅसवरून सांगतो. एसीत थंडावा करणारा आर-२२ गॅस होता तेव्हा काम अंदाजानं निभायचं. सक्शनच्या दाबाचा काटा पासष्ट-सत्तरवर आला, पाइपला हाताला गारवा लागला, क्लॅम्प मीटरवर अँपिअर जुळले की व्हॉल्व्ह बंद. ओझोनचा थर वाचवायच्या मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस आता निरोपाला लागलाय, बाजारात आर-३२ चं राज्य आहे. त्याचा दाब मुळातच जास्त, त्यात यंत्र इन्व्हर्टर. कंप्रेसर कधी जोरात फिरतो, कधी हळू, मग काट्यावरून तू काय ठरवणार? आधी गळती तपासायला पाइपात नायट्रोजन मारायचा, जोडाच्या फ्लेअर नटला साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघायचा, पंपानं आतली हवा काढून नीट व्हॅक्यूम ओढायचा आणि यंत्राच्या पाटीवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरायचे. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून पाइपात गॅस असताना जोडकामाची ज्योतीची टॉर्च लावायची नाही. हे तुला सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकवलंय, पण उन्हात चौथ्या कॉलला पोरं व्हॅक्यूमला फाटा देतात हे मी बघितलंय.

यात धंद्याची गोष्ट कुठे आली? आपल्या लाइनमध्ये 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' या वाक्यावर कित्येकांनी घरं चालवली. एसीतला गॅस बंदिस्त असतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. हे आता लोकांना कळलंय, व्हिडिओ बघून बघून. गेल्या वर्षी भरलेला गॅस यंदा पुन्हा भरायला सांगितलास तर समोरची ताई तुला सरळ विचारणार, "मागच्या वेळी लीक काढला होता का?" तुझ्या वहीत तारीख, ग्रॅम आणि लीक सापडलेल्या नटचा फोटो असेल तर तू ताठ मानेनं उभा राहशील. नसेल तर दोनशे रुपये सोडशील आणि गिऱ्हाईकही.

आता तू ज्या ॲपवरून कामं घेतोस त्याबद्दल. ते लगेच सोडू नकोस. कमिशन कापतात, रेटिंग घसरलं की कामं आटतात, सगळं खरं. २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्रामला अर्बन कंपनी या ॲपच्या ऑफिससमोर ब्युटीपार्लरचं काम करणाऱ्या बायका याच गोष्टींवरून धरणं धरून बसल्या होत्या, ते पेपरांत आलं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात सामाजिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली, तिच्यात गिग कामगार (पगारी नोकरी नसलेले, सुटी कामं करणारे) म्हणून तुझ्यासारख्यांचा उल्लेख आहे आणि ॲपवाल्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग त्यासाठी द्यायचा, असं कलम आहे. हातात काय पडेल ते पडेल तेव्हा बघू, तू सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद तेवढी करून ठेव. पण या ॲपांनी एक काम असं केलं जे आपल्या पिढीनं कधी केलं नाही. शिडी लावायच्या आधी भाव सांगितला. आमचं सगळं 'बघून सांगतो' आणि शेवटी 'द्या तुम्हाला वाटेल ते', म्हणजे खरं तर 'मला वाटेल ते'. कपॅसिटरचा अमुक, पीसीबी (सर्किट बोर्ड) रिपेअरचा तमुक, पार्ट जुना परत देणार, कामाची वॉरंटी इतके दिवस, हे सगळं छापील, हे गिऱ्हाइकाला इतकं आवडलंय की आता ते मागे फिरणार नाही. तेव्हा तुझं रेटकार्ड कर, मराठीत, एका पानाचं, आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये टाक. रेट ॲपपेक्षा कमी ठेवायची घाई नको. स्वस्तात जाणाऱ्याला गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आणखी स्वस्तात मागतं.

आणि एक. ॲपवरून गेलेल्या घरी गुपचूप आपला नंबर देऊ नकोस. सगळे देतात म्हणतोस, देतात. पण ते गिऱ्हाईक तू आणलेलं नाही, आणि तुझ्या हाताखालचा पोरगा उद्या तुझ्याशी तेच करेल तेव्हा तुझ्याकडे तोंड राहणार नाही. स्वतःची माणसं स्वतः जोड. गूगल मॅपवर धंद्याची नोंद फुकट होते, गाळा नसला तरी 'घरी येऊन सेवा' म्हणून होते, पत्ता दाखवावा लागत नाही. काम झाल्यावर लोक खुशीत असतात त्याच मिनिटाला रिव्ह्यू माग, दोन दिवसांनी मागितलास तर कुणी देत नाही. विकतचे रिव्ह्यू घेऊ नकोस. 'एक्सलंट सर्व्हिस, हायली रेकमेंडेड' असे एकाच दिवशी पडलेले पंधरा रिव्ह्यू शेंबडं पोरही ओळखतं.

पैशाचं थोडक्यात, कारण त्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, यूपीआयवर आलेल्या रकमा बघून. घाबरून लोकांनी क्यूआर कोड काढले आणि 'फक्त रोख' असे बोर्ड लावले. त्यातल्या अनेकांचं म्हणणं होतं की घरच्यांचे, मित्रांचे, उसने घेतलेले पैसेही त्याच खात्यात आले होते. म्हणून धंद्याचं खातं आजच वेगळं कर. सेवेला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची, आणि ती उलाढालीवर आहे, नफ्यावर नाही. कंप्रेसरचे आणि पीसीबीचे पैसे तुझ्या खात्यातून फिरले की ते त्यात धरले जातात. महागडा पार्ट असेल तेव्हा गिऱ्हाइकालाच दुकानात घेऊन जा, बिल त्याच्या नावावर.

उधारीचं मात्र नीट वाच. घरगुती गिऱ्हाईक पैसे बुडवत नाही, बुडवतात क्लास, दवाखाने, ऑफिसं. बारा एसींचं काम एकगठ्ठा देतात, मग 'अकाउंट्सकडे टाकलंय'. तू सरकारकडे छोट्या धंद्याची 'उद्यम' नोंदणी कर. फुकट आहे, आधार लागतं, एजंटाला एक रुपया देऊ नकोस. त्यानंतर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याचं कवच तुला मिळतं. लेखी करार असेल तर पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस, त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज. पण खरा चिमटा दुसरा आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येतो. म्हणून मार्च उजाडला की त्यांचाच सीए आठवण करतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छाप. भांडायची वेळ सहसा येत नाही.

आता गिऱ्हाईक चॅटबॉटला विचारून बसलेलं असतं. "एसीवर ई-६ एरर आलाय, पीसीबी गेलाय ना?" चिडू नकोस. काही कंपन्यांत ई-६ म्हणजे इनडोअर-आउटडोअरचं बोलणं तुटलं एवढंच, आणि ते ढिल्या जोडानंही तुटतं, उंदरानं कुरतडलेल्या वायरीनंही. सरळ म्हण, "असू शकतो, आधी वायर बघू." मीटर लाव, त्याला दाखव. वायर निघाली तर तू त्याचे काही हजार वाचवलेस, आणि ही गोष्ट तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय राहणार नाही. तूही चॅटबॉट वापर. रात्री दमून आल्यावर दिवसभराची कामं फोनला मराठीत बोलून सांग, टिपण तो करेल. ग्रॅम आणि तारखा तेवढ्या स्वतः तपासून घे.

सीझनचं गणित सांगतो, कारण गाळ्याचा निर्णय त्यावर अडलाय. मार्च ते जूनचा पहिला आठवडा फोन खाली ठेवता येत नाही, मृगाचा पाऊस पडला की शुकशुकाट. या सव्वातीन महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचं भाडं, हाच आपल्या धंद्याचा जुना रोग. आता जे टिकतायत ते बिघाडाची वाट बघत नाहीत, वार्षिक करार करतात. समज, तुझ्या वहीत २०० यंत्रं आली. वर्षाला दोन सर्व्हिस, एक पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एक जानेवारी-फेब्रुवारीत. झाल्या ४०० भेटी. दिवसाला चार धरल्या तर शंभर दिवसांचं काम, आणि तेही अशा महिन्यांत जेव्हा बाकीचे चहाच्या टपरीवर बसलेले असतात. करारात काय येतं, काय येत नाही हे लिहून दे. जेट पंपानं धुणं, ड्रेन साफ करणं, अँपिअरची नोंद हे येतं. गॅस आणि पार्ट येत नाहीत. 'सगळं येतं' असा करार कुणी मागितला तर पाच वर्षांच्या वरच्या यंत्राला देऊ नकोस, बुडशील.

या दोनशेपैकी तुझ्याकडे आज किती आहेत? तू मेसेजमध्ये 'बरीच' म्हणालास. बरीच म्हणजे किती ते मोज. शंभराच्या आत असतील तर हा सीझन जिन्याखालूनच काढ, एक पोरगा हाताशी घे, त्याचा अपघात विमा पहिल्या पगाराआधी काढ आणि बेल्टशिवाय त्याला छज्जावर उतरू देऊ नकोस. दिवाळीपर्यंत दीडशेच्या पुढे गेलास तर गाळा बघायला मी स्वतः येतो. त्या मालकाला मी ओळखतो, डिपॉझिट खाली आणेल. तोवर त्याला 'घरी विचारून सांगतो' म्हण, टोकन देऊ नकोस.

व्हॅक्यूम पंप विकत घेण्याआधी मला फोन कर. माझ्याकडे टू-स्टेजचा एक पडून आहे, तेल बदललं की चालेल. आर-३२ चे दाब मोजायचे गेज मात्र नवे घे, जुन्या आर-२२ च्या गेजवर तो दाब चढवू नकोस.

आईला नमस्कार सांग.

काका