लूप संपताच नावे बिघडतात

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी मी एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीत ठेवली असून ती वाचण्यासाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला आहे. रकान्यातील मजकूर देणाऱ्या ‘एसक्यूलाइट३_कॉलम_टेक्स्ट’ या फंक्शनकडून मिळालेला प्रत्येक पॉइंटर, म्हणजे मेमरीतील पत्ता, मी अ‍ॅरेमध्ये ठेवतो. लूपमध्ये नावे अचूक छापली जातात. लूपनंतर तोच अ‍ॅरे छापला, तर भलतीच अक्षरे दिसतात. डेटाबेस बिघडला असेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : डेटाबेस शाबूत आहे. हे फंक्शन तुम्हाला नावाची प्रत देत नाही, तर एसक्यूलाइटने स्वतःच्या ताब्यात ठेवलेल्या मेमरीचा पत्ता देते. ‘स्टेप’ (पुढची ओळ मागणे), ‘रीसेट’ (पुन्हा सुरुवातीला नेणे) किंवा ‘फायनलाइझ’ (काम संपवणे) यांपैकी काहीही त्या स्टेटमेंटवर, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेवर, चालवले, की त्या पत्त्यावरील मजकुराची हमी संपते. तुमच्या अ‍ॅरेमध्ये नावे नव्हे, तर मुदत संपलेले पत्ते साठले आहेत. अशा पत्त्यावर कधी कधी जुने नाव तसेच सापडते, आणि ते अधिक वाईट, कारण चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

पुढची ओळ मागण्यापूर्वी ‘स्ट्रडप’ या सी भाषेतील फंक्शनने नावाची स्वतंत्र मेमरीत प्रत करून घ्यावी आणि काम झाल्यावर प्रत्येक प्रत ‘फ्री’ करावी, म्हणजे तिची मेमरी मोकळी करावी. मात्र रकान्यात नल, म्हणजे काहीच मूल्य नसल्याची खूण, असेल, तर पॉइंटरही नलच मिळतो आणि तो तसाच ‘स्ट्रडप’ला दिल्यास प्रोग्रॅम कोसळू शकतो, म्हणून आधी तपासणी हवी.

‘स्ट्रडप’ऐवजी ठरावीक लांबीचा अ‍ॅरे वापरण्याचा मोह होईल, पण मराठी नावांसाठी तो फसवा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो वा हलन्त, ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अशी १० चिन्हे आहेत. म्हणजे ३० बाइट, आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी आणखी १. वीस बाइटांत हे नाव कोंबले, तर ते अक्षराच्या मधोमध तुटेल. लांबी हवीच असेल, तर आधी ‘कॉलम_टेक्स्ट’ आणि मग बाइटांची संख्या सांगणारे ‘कॉलम_बाइट्स’ या क्रमाने विचारावी.

तुमचा लूप कशामुळे थांबतो, हेही पाहावे. ओळ मिळाली की ‘स्टेप’ १०० परत करते, ओळी संपल्यावर १०१. अन्य आकडा आल्यास, उदाहरणार्थ डेटाबेस दुसऱ्याने अडवल्याचा ५, यादी अर्धवट असू शकते. ती पूर्ण समजून छापू नये.