गाडी रिकामी परत गेली तेव्हा

"मॅडम, सगळ्यायनं मिळून त्याले एकदा धरून बसवलं तं ऐकन का तो?"

दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतो. बहुतेक वेळा मंगळवारी. त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो, आणि घरात न सांगता दवाखान्यात यायला बाजाराएवढं चांगलं निमित्त नाही.

या वेळी विचारणारी बाई वणीकडच्या एका गावातली होती. सोबत तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवरा 41 वर्षांचा, सहा एकर वावर, कापूस आणि तूर. पिणं सकाळी आठच्या पव्व्यापासून सुरू. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी झाली तेव्हा घरच्यांनी त्याला वरोऱ्याच्या बहिणीकडे नेऊन ठेवलं होतं. महिनाभरात त्याला तिथलाही ठिकाणा सापडला. 2021 मध्ये बंदी उठली, तोवर हा कधीचाच घरी परतला होता.

धरून बसवणंही एकदा झालं होतं. रात्री नऊला, तो पिऊन आल्यावर, ओसरीवर भावकीतले अकरा जण आणि वर सरपंच. समजावणं कसलं, पंचायतच ती. तो उठला आणि दोन रात्री वावरातल्या खोपडीत राहिला. त्या खोपडीत फवारणीच्या औषधाचे डबे होते, हे भासऱ्यांनी सांगितलं तेव्हा मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. आधी ते डबे तुमच्या घरी कुलपात, मग पुढचं बोलू, असं म्हटलं. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर बाईंनी माझ्यासमोर फोनमध्ये भरून घेतला. आपल्या भागात हे काम मी कधीच पुढच्या भेटीवर टाकत नाही.

बाईंनी पदरातून एक पुडी काढली. बाजारात घेतलेली, "न सांगता भाजीत टाका, दारू सुटते" म्हणून. आत काय होतं देव जाणे. अशा पुड्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर ते पोटात असताना माणूस प्यायला की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून आणि तपासून. पुडी मी ठेवून घेतली.

भासऱ्यांचा दुसरा प्रश्न होता, रात्री येऊन उचलून नेणाऱ्या गाडीचा. मी नाही म्हटलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये व्यसनाचे विकारही येतात. माणसाच्या मर्जीविरुद्ध भरती करायची तर स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका अशा अटी आहेत, तपासणी आहे, पहिल्यांदा 30 दिवसांची मर्यादा आहे. चार पोरं आणि एक जीप एवढ्यावर ते भागत नाही. शिवाय असा उचलून नेलेला माणूस परतल्यावर घरातल्या कोणाचंच ऐकत नाही, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

मग आम्ही चार मंगळवार घेतले. दर वेळी बाई, भासरे आणि वरोऱ्याची नणंद. तिसऱ्या वेळी म्हातारी आईसुद्धा. सरपंच आणि भावकी नको, असं मी स्पष्ट सांगितलं. चौदा वर्षांच्या मुलालाही बसवायचं नाही ठरवलं. बाईंना ते पटलं नव्हतं.

पहिलं काम यवतमाळच्या डॉक्टरांशी बोलून खाट ठरवण्याचं. मागच्या पोळ्याला याला घरातच कोंडून दारू बंद केली होती. दुसऱ्या दिवशी फेफरं आलं, मग भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की असं होऊ शकतं. त्यासाठी दवाखान्यात औषधं आणि थायमिनची (ब1 जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं लागतात, कुलूप नाही. तो 'हो' म्हणालाच तर त्याच तासाला गाडी दारात हवी. संध्याकाळपर्यंत तो 'हो' टिकत नाही.

दुसरं काम बोलण्याचं. भासऱ्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं त्यात "खानदानाचं नाक कापलं" तीनदा आलं. मी विचारलं, त्याच्याविषयी तुम्हाला स्वतःला काय आठवतं? बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "बाबा गेले तेव्हा खांदा द्यायले तोच पुढं होता. आता माह्या पोरीच्या लग्नात मी त्याले शोधत होतो." एवढंच बोला, म्हटलं.

पण खरी गाठ सुटली ती तिसऱ्या मंगळवारी. मी विचारलं होतं, तो नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही काय बंद कराल? बाई म्हणाल्या, माहेरी जाईन. खरंच जाल? "नाई जात, मॅडम. अकरा वेळा म्हणून झालं." मग ते वाक्य काढलं. त्याऐवजी कापसाच्या वेच्याचा पैसा आपल्या खात्यात, हे त्यांना जमण्यासारखं होतं. भासरे दुकानाची उधारी फेडायचे, ते थांबवणार होते. आणि म्हातारी कोपऱ्यात बसून रडायला लागली. श्रावणबाळच्या पैशातले दोनशे-दोनशे ती त्याला चोरून देत होती. "सकाळी लेकरू थरथरते, पाहवत नाई मले." कोणी तिला रागावलं नाही, याचं श्रेय सुनेला. थरथर वाढली, फेफरं आलं किंवा भलतंच दिसायला लागलं तर पैसे नाही, दवाखाना, एवढं आम्ही तिच्याकडून पक्कं करून घेतलं.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत 130 कुटुंबीयांना घेऊन झालेला, 1999 मध्ये छापून आलेला एक अभ्यास मी घरच्यांना सांगते. समोर बसवून बोलण्याची तयारी करून घेतलेल्या गटात 30 टक्के माणसं उपचाराला पोचली. त्या गटातल्या बहुतेक घरांनी ऐनवेळी बैठकच घेतली नाही. घरच्यांना रोजचं वागणं बदलायला शिकवलं त्या गटात 64 टक्के. न्यू मेक्सिको म्हणजे वणी नव्हे, मान्य. पण म्हातारीचे दोनशे रुपये आणि हा आकडा मला एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं वाटतं.

बैठक सकाळी सहाला झाली, चहा ठेवून, पहिल्या पव्व्याच्या आधी. चौघं बोलले, वीस मिनिटं. मी ओसरीच्या कडेला होते. मुलगा दाराआड उभा होता, ते मला उशिरा दिसलं. त्याला आत बसवायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि विचारलं, "झालं तुमचं? जातो वावरात."

गाडी रिकामी परत गेली. भासरे माझ्याकडे पाहत होते, फसवल्यासारखे. असं होऊ शकतं हे मी आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. मी म्हटलं, आता ठरलेलं करा, भांडू नका, खाट मी धरून ठेवते.

चौथ्या दिवशी म्हातारीचा हात बटव्याकडे गेला होता, सुनेनं सांगितलं. तिनं बटवा भासऱ्यांकडे देऊन टाकला. त्यानं शिव्या दिल्या, ओळखीच्यांकडून मागून पिणं चालवलं. बाराव्या दिवशी पहाटे भावाच्या अंगणात येऊन उभा राहिला. "दादा, ते गाडी अजून येते का?"

तीन आठवडे यवतमाळला राहिला. त्यानंतर दोनदा घसरला, एकदा तूर विकली त्या दिवशी आणि एकदा काहीच कारण नसताना. दुसऱ्या वेळी स्वतःच ओपीडीत आला.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. पोळा तोंडावर आला होता. "बैल घेऊन मीच जातो म्हणते. पण तोरणाखाली सारे पेऊन असते, मॅडम. जाऊ देऊ का?"

मी म्हटलं, तेच आहेत का जवळ? फोन त्यांना द्या.