शिंक आली की ती पाय आवळायची

"ताई, हल्ली कुठं जावंसंच वाटत नाही." वय 46, दोन नॉर्मल डिलिव्हरी (ओळख कळू नये म्हणून बाकी तपशील बदललेत). घरच्यांना वाटत होतं डिप्रेशन आहे, समुपदेशनाच्या पहिल्या सेशनला मलाही तसंच वाटलं खरं तर. दुसऱ्या वेळी बोलता बोलता तिला शिंक आली, तर तिनं झटकन पायावर पाय घट्ट आवळला, शिंकली, आणि ओढणी मांडीवर ओढून घेतली. मी सरळच विचारलं, "लघवी सुटते का?"

ती रडायलाच लागली. धाकटा झाल्यापासून म्हणजे 11 वर्षं हे चालू होतं आणि नवऱ्यालाही माहीत नव्हतं. कपडे गडद रंगाचेच, पर्समध्ये पॅड, कुठंही गेलं की आधी बाथरूम शोधायचं, मोठ्यानं हसायचं नाही, बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणीच नाही प्यायचं. "मला माझीच किळस येते ओ."

बाळंतपणानंतर असं व्हायचंच ना, असं खूप जणी विचारतात. होतं बऱ्याच जणींना, पण म्हणून सोसत बसू नका प्लीज. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, मूत्राशय आणि गर्भाशय तिच्यावर पेललेलं असतं, गरोदरपणात आणि डिलिव्हरीत ती ताणली जाते, पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की अजून सैल पडू शकते, मग खोकलं, शिंकलं की पोटातला दाब तिला पेलवत नाही. केगेल नावाच्या डॉक्टरांनी यासाठीचे व्यायाम 1948 मध्येच मांडलेत! गॅस अडवताना जे आवळतो ते आवळायचं, श्वास न रोखता, आणि मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, रोज, निदान 3 महिने. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, बऱ्याच जणी चुकून पोटच आवळतात. पाणी तोडू नका, घट्ट लघवीनं मूत्राशय उलट जास्त चिडतं. जळजळ किंवा रक्त दिसलं तर थेट डॉक्टर.

व्यायामासाठी तिला मी फिजिओकडे पाठवलं, आमच्या सेशनमध्ये आम्ही बोललो ते त्या किळसेबद्दल. एका तरी माणसाला सांग, एवढंच म्हटलं होतं. तिनं आईला फोन केला. आई बराच वेळ काही बोललीच नाही म्हणे, मग हळूच म्हणाली, "अगं, मला तर तुझ्या जन्मापासून आहे."