स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठीची जठराची शस्त्रक्रिया) झाल्यानंतरचे पहिले काही महिने

ताई, काट्यावर रोज चढू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन बऱ्याच जणांचं अडतं. माझं बारा दिवस हललं नाही आणि मी घरच्यांवर चिडत बसले. आठवड्यातून एकदा, बस्स.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ८० टक्के भाग काढतात, म्हणून पानात पहिला मान प्रथिनांचा. दिवसाला किमान ६० ग्रॅम. आधी अंडं, पनीर, मासळी किंवा घट्ट वरण. भात-पोळी उरलेल्या जागेत. (जागा उरत नाहीच म्हणा!) जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा तास थांबा, मग दिवसभर घोट घोट. सासूबाईंचा ‘अजून एक घास’ हसून टाळायला शिका. तो एक घास खरंच उलटून येतो.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस मूठमूठ गळतील. वजन झपाट्याने उतरलं की असं होतं, बहुतेकांचे परत येतात. पण बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून सोडू नका, त्या कायमच्या. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. उलट्या थांबेनाशा झाल्या, तर मात्र घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी सर्जनला फोन करा.