वाळवंटातील धाव आणि किनाऱ्यावरचा सराव

प्रश्न : मी दापोलीची रहिवासी असून माझे वय 44 वर्षे आहे. ओहोटीची वेळ पाहून मी मुरुडच्या किनाऱ्यावर नियमित धावते. नाताळच्या सुट्टीत आम्ही काही मैत्रिणी जैसलमेरजवळच्या खुरी येथे तंबूत मुक्कामाला जाणार आहोत. तेथे धावण्याचा नेम चालू ठेवावा आणि वाळूच्या टेकड्यांवर पायी भटकावे, असा विचार आहे. ‘आपल्याला वाळूचीही सवय आहे आणि घामाचीही, वेगळी तयारी कशाला?’ असे मैत्रिणी म्हणतात. ते योग्य आहे का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : आपला नेम तिकडेही अवश्य चालू ठेवा. मात्र मैत्रिणींनी ज्या दोन सवयींचा भरवसा धरला आहे, त्या दोन्ही वाळवंटात अपुऱ्या पडतात.

ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली पुळण घट्ट असते, कारण कणांमधले पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवते. वाळवंटातील टेकडीच्या वाळूत हा ओलावा नसल्यामुळे पाऊल रुतते, मागे घसरते आणि पोटरीने लावलेला बराचसा जोर नुसती वाळू सरकवण्यातच खर्च होतो. अशा मऊ वाळूवर धावण्यास टणक जमिनीच्या सुमारे दीडपट आणि चालण्यास दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून निघण्यापूर्वीचे काही आठवडे, आठवड्यातून दोनदा ओला पट्टा सोडून सुरूच्या बनालगतच्या कोरड्या वाळूत चालण्याचा सराव करा. सुरुवात दहा मिनिटांनी करून वेळ हळूहळू वाढवा. टाचेच्या वरची शीर दुखू लागली, तर त्या दिवशी तेथेच थांबा. प्रत्यक्ष वाळवंटात धावण्यासाठी दोन टेकड्यांमधली टणक सपाट जमीन किंवा गावाकडे जाणारा रस्ता निवडावा आणि टेकड्या चालण्यासाठी राखून ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची आणि तुलनेने घट्ट असते, तर आडोशाच्या बाजूचा उतार तीस अंशांहूनही तीव्र असून तेथील वाळू पायाखालून ओघळत राहते. चढताना वाऱ्याकडची बाजू किंवा माथ्याची धार धरावी. उतरताना आडोशाच्या बाजूने, टाचा रोवत यावे.

घामाची गोष्ट अधिक गंभीर आहे. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेही नाही. हिवाळ्यातसुद्धा आपल्याकडच्या हवेत समुद्राचा दमटपणा असतो. त्यामुळे किनाऱ्यावर धावताना घाम निथळतो आणि किती पाणी गेले हे भिजलेल्या कपड्यांवरून कळते. कोरड्या हवेत तोच घाम फुटताक्षणी उडून जातो, त्वचा कोरडी राहते, ‘आज घामच आला नाही’ असे वाटते आणि पाणी पिणे लांबणीवर पडते. कानशिलावर बोट फिरवून पाहिल्यास मिठाची खरखर लागते, हाच काय तो पुरावा. तेव्हा घामावर विसंबू नका; लघवीचा रंग फिकट पिवळा राहतो का, हे पाहा. चालण्याच्या प्रत्येक तासाला साधारण अर्धा लिटर पाणी जवळ असावे, पण नुसतेच पाणी भराभर पिऊ नये, कारण त्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण घटू शकते. लांबच्या चालीसाठी ओआरएसची पाकिटे न्यावीत. घरचे कोकमाचे आगळही बरोबर घ्या. त्यात मीठ असतेच, साखरपाण्यात मिसळले की तरतरी देणारे पेय होते. नाकपुड्यांना आणि ओठांना रात्री खोबरेल तेल लावावे.

डिसेंबरअखेर तेथे दुपारी पारा 24 अंशांच्या आसपास असला, तरी पहाटे तो सात-आठ अंशांवर उतरतो. आपल्याकडे समुद्र रात्रीही ऊब टिकवतो. तेथील निरभ्र, कोरड्या आकाशाखाली जमिनीतली उष्णता झपाट्याने निघून जाते. सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून घरच्यासारखे अंधारात बाहेर न पडता उजेडाची वाट पाहा, आणि धावून आल्यावर घामाचे कपडे ताबडतोब बदला.

पायांत बंद बूट आणि घोट्यावर गेटर (बुटाचे तोंड झाकणारे कापडी आवरण) हवेतच, कारण भुरट नावाच्या गवताची काटेरी फळे मोज्यांत अशी रुततात की ती एकेक करून उपटावी लागतात. फुरसे हा विषारी साप कोकणातल्या माणसाला नवा नाही. तो थरच्या वाळवंटातही आढळतो. थंडीत त्याचा वावर कमी असला, तरी झुडपांच्या बुंध्याशी हात घालू नये आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत.

वाट चुकण्याच्या धोक्याकडे मात्र पर्यटक सर्रास दुर्लक्ष करतात. टेकड्या एकसारख्या दिसतात आणि वारा पावलांचे ठसे पुसून टाकतो. मोरोक्कोत 1986 पासून होणाऱ्या ‘मॅरेथॉन दे साब्ल’ या शर्यतीत 1994 साली इटलीचा मौरो प्रोस्पेरी हा कसलेला धावपटू वाळूच्या वादळात वाट चुकला आणि काही दिवसांनी थेट शेजारच्या अल्जीरियात सापडला. तंबूवाल्यांना दिशा आणि परतण्याची वेळ सांगून जा, एकटीने टेकडीपलीकडे जाऊ नका. वाट चुकल्याचे लक्षात आल्यास चालत न राहता जवळच्या उंचवट्यावर थांबा आणि शिट्टी वाजवा. सीमेलगतच्या प्रतिबंधित भागाची चौकशीही आधीच करून ठेवावी.

प्रश्न : आमच्याही कुटुंबाची अशीच सहल ठरली आहे. वडील 68 वर्षांचे असून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. त्यांनी टेकडी चढावी का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : अशा गोळीमुळे शरीरातील पाणी आणि क्षार दोन्ही अधिक जातात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना सहलीची कल्पना द्या आणि पाणी व मीठ किती घ्यावे हे विचारून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका आणि वर शिफारस केलेले ओआरएस किंवा खारट आगळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वडिलांना देऊ नका. डॉक्टरांनी मुभा दिल्यास सकाळच्या उन्हात, काठी घेऊन, सौम्य चढाच्या बाजूने त्यांना चढू द्यावे. चालता चालता बोलताना धाप लागली, तर तेथूनच परत फिरावे. बसल्या जागेवरून एकदम उठताना चक्कर येते का, याकडे घरातील एकाने लक्ष ठेवावे.