रोजची क्वार्टर आणि लांबलेलं बाळ

"मॅडम, दारूने मूल होत नसतं तर आमच्या गावात पोरंच झाली नसती." हे मी समुपदेशन करताना वरचेवर ऐकते. घणसोलीहून आलेले एक गृहस्थही हेच म्हणाले. वय चौतिशीचं, रबाळे एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर, लग्नाला पाच वर्षं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तोवर तपासण्या झाल्या त्या सगळ्या बायकोच्या. सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांचा एक्स-रे, रिपोर्ट नॉर्मल. सासूबाईंनी उपासही तिलाच धरायला लावले. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी मात्र कुणी केली नव्हती. याचा मला दर वेळी संताप येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं.

"रोज दोनच पेग," ते म्हणाले. खोदून विचारल्यावर क्वार्टर निघाली, तीही कित्येक वर्षांची. 180 मिली व्हिस्की म्हणजे सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल. रोज एवढं पोटात गेलं की वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशींवर घाला पडतो. त्यांना काम सांगणारे मेंदूकडचे हार्मोन्सही मंदावतात. इच्छा कमी होते, ताठरता टिकत नाही, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. यकृत बिघडलं तर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं प्रमाण वाढतं, वृषण आक्रसू शकतात. पिणाऱ्या अनेकांना मुलं होतात, हे खरंच आहे. प्रत्येकाचं शरीर किती सोसतं हे वेगळं असतं. गावातल्या पोरांवरून आपला रिपोर्ट कळत नाही.

बोलताना त्यांनी ऑफिसची बॅग छातीशी घट्ट धरली होती. बायको बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "छाती सुजल्यासारखी झालीय, घरातसुद्धा बनियनवर बसत नाही." लैंगिक संबंधही जवळजवळ थांबले होते. बायकोला वाटत होतं, आपण नकोशा झालो. दोघांना समोरासमोर बसवून हे बोलायला लावणं, हेच माझं खरं काम होतं.

त्या रात्रीपासून बाटली बंद करायची त्यांची तयारी होती. मी थांबवलं, कारण सकाळी त्यांचे हात थरथरायचे. अशा माणसाने एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी औषधांच्या आधाराने दारू सोडवली, बी-1 जीवनसत्त्व सुरू केलं. छातीच्या सुजेसाठी आणि यकृतासाठी फिजिशियन, वीर्यतपासणीसाठी युरॉलॉजिस्ट.

पहिल्या रिपोर्टमध्ये संख्या 16 दशलक्ष प्रति मिलीच्या बरीच खाली होती. ही जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या मार्गदर्शिकेतली खालची संदर्भमर्यादा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक शोधू नका, असं त्यांना बजावलं. मधे एका हळदीला ते घसरले. बायकोने दुसऱ्याच दिवशी फोन केला, ते बरं झालं. औषधं चालू राहिली.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत संख्या वाढली, हालचाल अजून कमी आहे. सगळ्यांचं इतकं सुधारतंच असं नाही, हेही मी त्यांना सांगितलं. गर्भ अजून राहिलेला नाही. पण पहिला रिपोर्ट त्यांनी स्वतः आईसमोर ठेवला आणि सांगितलं, "कमी माझ्यात आहे, हिच्यात नाही." बायकोचे उपास त्या दिवसापासून बंद आहेत.